दुनळी बंदूक उघडताना फार जोर लागतोय, काय करू?

मुलुंडकर: वडिलांची बारा बोअरची दुनळी आहे, साइड बाय साइड (नळ्या शेजारी शेजारी), हॅमरलेस (घोडे बाहेर दिसत नाहीत अशी). लायसन आता माझ्या नावावर आहे. निवडणुकीत जमा केलेली ती परत आणली आणि साफ करायला घेतली तर लिव्हर पूर्ण फिरतो पण नळ्या खालीच येईनात, शेवटी गुडघ्यावर टेकवून दाबली तेव्हा कर्र करून उघडली. आत काडतुसं नव्हती. गंज दिसत नाही. स्प्रे मारू का?

बाराबोअर: दादा आधी तो गुडघा बंद करा, बिजागरीची पिन ढिली झाली तर खर्च वाढेल. हॅमरलेसमध्ये नळ्या वाकवताना आतले दोन्ही घोडे चढतात, म्हणजे त्या स्प्रिंगा तुमच्याच हाताच्या जोराने दबतात, त्यामुळे थोडी कडक लागणारच. आता असं करा, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघा, बंद करा आणि चापाला हात न लावता परत उघडा. घोडे चढलेले असताना हलकी उघडली तर त्रास कॉकिंगचा (घोडे चढण्याचा) किंवा स्ट्रायकरचा (काडतुसावर आपटणाऱ्या पिनचा). तेव्हाही कडकच असेल तर बिजागरी नाहीतर नळ्या बंद धरणारे खालचे बोल्ट बघायचे.

कोकणातला: आमच्या गावच्या बंदुकीचा स्ट्रायकर पुढेच अडकायचा. वाजवलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाची टिकली) गोल खड्ड्याऐवजी शेपटीसारखा ओरखडा यायचा, त्यावरून कळलं. आणि स्प्रे भसाभस मारू नका, तो लाकडात मुरतो.

मुलुंडकर: चढलेली असतानाही तेवढीच कडक आहे.

बाराबोअर: मग चढलेलीच ठेवून फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) काढा. घोडे उतरलेले असताना काढला तर परत बसवताना डोक्याला ताप. बहुतेक बॉक्सलॉक (घोड्यांची यंत्रणा बॉडीतच असलेल्या) बंदुका १८७५ च्या अ‍ॅन्सन-डीली पद्धतीच्या, त्यात फोरएंडच आतल्या कॉकिंग लिव्हरला ढकलतो. त्याचं लोखंड बॉडीच्या गोलाईवर फिरतं, तिथे आणि बिजागरीच्या पिनपाशी नीट बघा.

मुलुंडकर: सापडलं!! त्या गोलाईवर मधासारखा पिवळा चिकट थर, नखाने खरवडला तर वळ्या निघाल्या. आईला विचारलं तर म्हणाली बाबा दर दसऱ्याला गोडेतेल लावायचे. त्यांचा हात फिरलेली जागा, पुसताना जड गेलं खरंच. जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून काढलं, कोरडं पुसलं, पिनवर मुगाएवढं ग्रीस. आता दोन्ही हातांनी आरामात उघडते.

कोकणातला: मस्त. गोडेतेल हवेने घट्ट होत जातं, बंदुकीला नकोच.

फोर्टकर: तरी एकदा लायसनवाल्या गनस्मिथला दाखवा, गुडघ्यावर दाबलीय म्हणून सांगतो. नळ्या बंद करून फोरएंड काढला की डगडग लागते का ते तो बघेल. मूळ लायसन सोबत न्या. आणि ओळखीच्या फिटरकडे अजिबात देऊ नका, १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही स्वतःचं लायसन लागतं.

मुलुंडकर: शनिवारी जातो, लिहितो इथे.