एआय शोधाला आपले संकेतस्थळ कळते का, हे कसे तपासावे

नागपूरच्या इतवारीतील मसाल्याच्या घाऊक दुकानाचे संकेतस्थळ गूगलच्या पहिल्या पानावर येते, म्हणजे एआय शोधालाही (चॅटजीपीटीसारख्या, प्रश्नाचे थेट उत्तर देणाऱ्या साधनांनाही) ते समजलेच असणार, असे काही जण मानतात; ते मत मला पटत नाही. गूगलचा बॉट, म्हणजे संकेतस्थळे आपोआप वाचणारा प्रोग्राम, जावास्क्रिप्ट (पान उघडल्यावर त्यात मजकूर भरू शकणारा कोड) चालवून पान वाचतो. एआय कंपन्यांचे अनेक बॉट मात्र सर्व्हरने प्रथम पाठवलेला मजकूरच वाचतात. म्हणून ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून पान उघडावे आणि मालाची नावे, पत्ता, वेळा, किमान खरेदी हे सारे अक्षरांत दिसते का, ते आधी पाहावे. दरपत्रकाचा नुसता फोटो चढवण्याची आपल्याकडील सवय इथे फार नडते.

कोणत्या बॉटने संकेतस्थळ वाचावे, हे सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइलही तपासावी. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचा जीपीटीबॉट एआयच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो, तर ओएआय-सर्चबॉट शोधासाठी. पहिल्याला मनाई करूनही दुसऱ्याला मोकळीक देता येते.

त्यानंतरच एआय शोधाला प्रश्न विचारून पाहावे, आणि तेही दुकानाचे नाव न घालता. ‘नागपुरात सावजी मसाला घाऊक कुठे मिळेल?’ हा प्रश्न मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, वेगवेगळ्या दिवशी विचारावा, कारण उत्तरे दर वेळी सारखी येत नाहीत. नाव आले की नाही एवढ्यावर थांबू नये. माहिती कोणत्या पानावरून घेतली, हे पाहणे मला अधिक मोलाचे वाटते; जुना फोन क्रमांक एखाद्या व्यापारी सूचीतून उचललेला असेल, तर दुरुस्ती त्या सूचीतही करावी लागेल.