गंडमच्या ब्लू-रेमधून गाळलेला पंधरावा भाग: योग्य की अयोग्य?

धूमकेतू (धागाकर्ता)

'मोबाइल सूट गंडम' ही 1979 ची मूळ जपानी अ‍ॅनिमेशन मालिका अखेर ब्लू-रेवर पाहून संपवली. अमेरिकेतल्या राइट स्टफने 2015 मध्ये नोझोमी या लेबलखाली काढायला घेतलेला दोन खंडांचा संच. परीक्षण लिहायला बसलो, पण एका मुद्द्यावर असा अडकलो की परीक्षण बाजूला ठेवून धागाच काढतोय.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 7 एप्रिल 1979 ते 26 जानेवारी 1980 या काळात नागोया टीव्हीवरून ही मालिका दाखवली गेली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, पात्ररचना योशिकाझू यासुहिको, यंत्रमानवांचे आराखडे कुनिओ ओकावारा. 52 भाग ठरले होते, पण प्रेक्षक मिळेनात आणि प्रायोजक क्लोव्हर कंपनीची खेळणी खपेनात, म्हणून 43 भागांत गाशा गुंडाळला. पुढे पुनःप्रक्षेपण, 1980 पासून बांदाईचे प्लास्टिकचे मॉडेल संच आणि 1981-82 चे तीन चित्रपट यांनी पडलेल्या मालिकेचं सोनं झालं. विषय म्हणाल तर अंतराळातल्या वसाहती पृथ्वीविरुद्ध बंड करतात, महिन्याभरात निम्मी माणूसजात मरते आणि पंधरा वर्षांचा अमुरो नावाचा पोरगा नाइलाजाने 'गंडम' नावाच्या लढाऊ यंत्रात जाऊन बसतो.

आता डिस्क. चित्र मूळ 4:3 मापातच आहे. पडदा भरून दिसावा म्हणून वरखाली कात्री लावलेली नाही, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात आणि दिसायलाच हवेत. जपानी आवाज आहे, 2001 चं इंग्रजी डबिंगही आहे. एवढ्या स्वच्छ चित्रात मालिकेची गरिबीही उघडी पडते: तीच तीच दृश्यं पुन्हा वापरलेली, एका चौकटीतून दुसरीत जाताना रंगाची छटा बदललेली. मला ते आवडतं. बाराव्या भागात शत्रूपक्षातल्या गार्माच्या अंत्यसंस्कारावेळी त्याचा भाऊ गिरेन भाषण ठोकतो, तेव्हा काटकसर कळत असूनही अंगावर काटा येतो.

खरी तक्रार पुढे. मालिका 43 भागांची, संचात आहेत 42. पंधरावा भाग, 'कुकुरुस दोआनचं बेट', गायब. छापताना चूक झाली असं नाही. तोमिनोंच्या सांगण्यावरून हा भाग इंग्रजी आवृत्तीतून पहिल्यापासूनच वगळलेला आहे. 2001 मध्ये अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर मालिका आली तेव्हाही तो नव्हता. कारण सांगितलं जातं ते असं की भागाचं अ‍ॅनिमेशन फारच हलक्या दर्जाचं झालंय. जपानमधल्या ब्लू-रेत मात्र तो आहे!

माझं मत स्पष्ट आहे. घरी ठेवायच्या संचात भाग गाळू नये. फार तर शेवटी 'जादा' म्हणून टाका, वर तोमिनोंचं निवेदन लावा, पण द्या. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_पुणेकर

असहमत. ज्याने मालिका केली त्याला जर एखाद्या भागाची लाज वाटत असेल, तर तो जगापुढे मांडायचा की नाही हे त्यानेच ठरवायचं. कवी संग्रह काढताना जुन्या कविता गाळतो. "आम्ही पैसे मोजलेत, त्या पण छापा" असं आपण त्याला सुनावतो का?

आणि तो भाग पाहिलाय का कुणी? मी पाहिलाय. दोआनचा झाकू, म्हणजे शत्रूचा लढाऊ यंत्रमानव, बघा. एरवी झाकू म्हणजे कसा, आडवा भरलेला, खांद्यावर काटे, मधोमध फिरणारा एक डोळा. या भागात तो वाळक्या शेंगेसारखा लांबुडका होतो, तोंडाचं नाक होतं, पाय कुठून सुरू होतात ते कळत नाही. एका दृश्यातला दुसऱ्या दृश्याशी जुळत नाही. इंटरनेटवर गेली कित्येक वर्षं त्याची टर उडवली जाते. नव्या प्रेक्षकाच्या हातात हेच द्यायचं?

अबोली

खडूस, कवीचं उदाहरण इथे लागू पडत नाही. कविता एकट्याची असते. टीव्हीची मालिका तोमिनोंची एकट्याची नाही. त्या भागाचं लेखन कुणी केलंय, चित्रं कुणी काढलीत, आवाज कुणी दिलेत. आणि तो एकदा प्रसारित झालाय, लोकांनी पाहिलाय. वहीत राहिलेली कविता आणि छापून वाटलेली कविता यात फरक करायला हवा की नको?

दुसरं म्हणजे, नाक लांब आहे हे मान्य, पण गोष्ट काय आहे ते तुम्ही सांगितलंच नाहीत. दोआन हा शत्रूच्या, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या झिऑनच्या फौजेतून पळालेला सैनिक. एका बेटावर तो अनाथ पोरं सांभाळतोय, आणि त्या पोरांचे आईबाप त्याच्याच हातून मेलेले आहेत. मुलांनाही मारायचा हुकूम आला तेव्हा त्यांना घेऊन तो पळाला. त्याच्याकडे बंदूक नाही, तोफ नाही, त्याचा झाकू दगड भिरकावतो आणि नुसत्या हातांनी लढतो. शेवटी अमुरो त्याचा झाकू उचलून समुद्रात फेकून देतो. का, तर तुमच्या अंगाला लढाईचा वास आहे, तो हुंगत हे लोक येत राहणार. अख्ख्या मालिकेत युद्धाबद्दल इतकं सरळ बोललेले प्रसंग मोजकेच आहेत.

धूमकेतू

अबोली, अगदी हेच. त्यात क्रम बघा. तेराव्या भागात अमुरो आईला भेटतो, तिच्यासमोर एका सैनिकावर गोळी झाडतो, आणि माझा मुलगा असा नव्हता म्हणून ती कोलमडते. चौदाव्यात झिऑनचे कोवळे शिपाई गंडमला बॉम्ब लावतात, अमुरो एकेक काढतो, आणि सगळं निभावल्यावर तेच शिपाई साध्या वेशात येऊन त्याच्याशी गप्पा मारून जातात. पंधराव्यात फौज सोडून आलेला माणूस भेटतो. आणि सतराव्यात अमुरो स्वतःच गंडम घेऊन पळून जातो! मधला दुवा काढून टाकल्यावर ते पळणं नुसतं रागावलेल्या पोराचं रुसणं वाटतं.

खडूस_पुणेकर

हे तुम्ही आत्ता जुळवताय. तोमिनोंनीच पुढे मालिकेचे तीन चित्रपट केले, त्यात दोआन औषधालाही नाही. आणि त्या चित्रपटांत अमुरोचं पळणं कुणाला खटकलं नाही. दुवा इतका महत्त्वाचा असता तर त्या माणसाने ठेवला असता. बेटाचा भाग सुटा आहे, कुठेही ठेवा नाहीतर काढा, मूळ कथेचं काही अडत नाही.

नाना_एडिसन

इथे न्यू जर्सीत बसून दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. राइट स्टफ ही काही अवाढव्य कंपनी नव्हती, अ‍ॅनिमेचं मेल-ऑर्डर दुकान आणि त्याला जोडलेलं छोटं प्रकाशन. मालिका बनवणाऱ्या सनराइज स्टुडिओकडून परवाना घेताना समोरून अट आली की हा भाग मिळणार नाही, तर हे काय करणार? 42 घ्या नाहीतर शून्य घ्या. त्यांनी 42 घेतले, आणि त्यामुळेच धागाकर्त्याला आज तक्रार करायला काहीतरी हातात आहे. शिव्या द्यायच्या तर योग्य पत्त्यावर द्या.

दुसरी गोष्ट भारतातल्या मंडळींसाठी. ब्लू-रे डिस्क जगाच्या ठराविक विभागांपुरत्या बांधलेल्या असू शकतात; अमेरिकेतल्या डिस्क ए विभागाच्या, भारत येतो सी विभागात. इथून मागवलेला संच तिकडच्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही. गंमत म्हणजे जपानही ए विभागातच आहे. म्हणजे प्लेअरची सोय केलीतच आणि जपानीवर भागत असेल, तर जपानी संचात 43 च्या 43 भाग आहेत. इंग्रजी सबटायटल्सवर मात्र अवलंबून राहू नका.

(अवांतर: राइट स्टफ 2022 मध्ये क्रंचीरोल या अ‍ॅनिमे स्ट्रीमिंग कंपनीने घेतलं आणि 2023 मध्ये दुकान बंदही झालं. हे लिहिताना वाईट वाटतंय.)

रात्रपाळी

चर्चा वाचतोय. मला एक कळत नाही, तोमिनोंना लाज वाटते तर जपानमध्ये का नाही वाटत? घरच्यांसमोर चालतं आणि पाहुण्यांसमोर नाही, हे कसलं तत्त्व? लपवायचं तर सगळीकडे लपवा.

खडूस_पुणेकर

रात्रपाळी, यात न कळण्यासारखं काय आहे? जपानमध्ये तो भाग 1979 मध्येच दिसून गेला, आता झाकून उपयोग नाही. बाहेरच्यांची मात्र ती पहिली भेट होती. पहिल्या भेटीत काय दाखवायचं हे जो तो ठरवतोच.

अबोली

पहिली भेट 2001 मध्ये झाली हो. 2015 ची डिस्क विकत घेणारा बहुतेक आधीच भक्त असतो. टीव्हीवर नवख्या मुलांना दाखवताना गाळलात तर एक वेळ समजू शकते, कपाटात ठेवायच्या संचातून गाळण्यात काय हशील?

आणि निर्मात्याला नंतर वाटलं म्हणून बदलत गेलं तर त्याला अंत नसतो. याच गंडमचे चित्रपट 2000 मध्ये डीव्हीडीवर आले तेव्हा आवाज नव्याने रेकॉर्ड केलेले होते, ध्वनिपरिणामही बदललेले. जुने रसिक भडकले. नंतरच्या आवृत्तीत मूळ आवाज परत आणावा लागला. 'स्टार वॉर्स'वाल्या लुकासनी 1997 पासून आपल्याच जुन्या चित्रपटांत किती बदल केले ते वेगळं सांगायला नको.

मृद्गंध

यात 'शोले'ची आठवण झाली. ठाकूर गब्बरला मारतो तो मूळ शेवट 1975 मध्ये सेन्सॉरने बदलायला लावला आणि आपण पोलिसवाला शेवट पाहत मोठे झालो. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत 2025 मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. इतक्या वर्षांनी तो शेवट लावता आला, कारण ती फिल्म कुणीतरी टाकून दिली नव्हती. तोमिनोंची पसंत-नापसंत ठीक आहे, पण आज जे वाईट म्हणून गाळलं ते उद्या कुणाला कशासाठी लागेल हे आज कोण सांगणार?

खडूस_पुणेकर

मृद्गंध, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. 'शोले'त बाहेरच्याने बळजबरी केली, दिग्दर्शकाच्या मनाविरुद्ध. इथे दिग्दर्शक स्वतः नको म्हणतोय आणि बळजबरी करायला निघालो आहोत आपण.

आणि टाकून कुठे दिलाय? भाग जपानी डिस्कवर सुखरूप आहे. जतन वेगळं, विक्री वेगळी.

मृद्गंध

जतन आणि विक्री इतकी वेगळी नसतात. पुण्यातच 2003 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्यात प्रभातचे चित्रपटही होते. जे चित्रपट आधी कॅसेटवर, डिस्कवर घराघरांत पोचले होते ते निदान पाहता तरी येतात. 'एका ठिकाणी सुखरूप आहे' यावर माझा फारसा विश्वास नाही.

झाकू_नंबर_दोन

सगळे भांडताय, पण 2022 चा चित्रपट कुणीच काढला नाही? याच पंधराव्या भागावर 'कुकुरुस दोआनचं बेट' नावाचाच आख्खा चित्रपट आला. दिग्दर्शक कोण, तर मूळ मालिकेचे पात्ररचनाकार यासुहिको! त्यात बेटाला कॅनरी बेटांमधलं अलेग्रांझा हे नाव-गाव मिळालं, पोरांची संख्या वाढली, बकरीही आहे. अ‍ॅनिमेशन देखणं. आता जुना भाग नसला तरी बिघडत नाही, चित्रपट पाहा आणि सतराव्या भागाकडे चला.

धूमकेतू

चित्रपट पाहिलाय, आवडलाही. पण त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. ज्या भागाला एक सहकारी लपवण्यालायक समजतो, त्याच भागात दुसऱ्या सहकाऱ्याला चार दशकांनी चित्रपट करण्याइतका जीव दिसतो. मग कुणाचं ऐकायचं? म्हणून म्हणतो, दोन्ही ठेवा. आणि चित्रपट पाहून मूळ भाग शोधायला निघालेल्या माणसाला इंग्रजी संचात तोच नेमका सापडत नाही, ही थट्टाच झाली की.

देखणेपणाबद्दल एक. चित्रपटातला दोआनचा झाकू ओबडधोबड आणि लांब तोंडाचाच ठेवलाय, टर उडवली गेलेला आकार मुद्दाम जपलाय. यासुहिकोंना त्याची लाज वाटलेली दिसत नाही.

खडूस_पुणेकर

दुसऱ्याने काढलेल्या चित्राची लाज कुणाला वाटेल? दिग्दर्शक म्हणून नाव तोमिनोंचं लागतं, यासुहिकोंचं नाही. मी अजूनही 42 वर ठाम आहे.

नाना_एडिसन

धूमकेतू, मूळ विचारायचं राहिलंच. पुण्यात तुमच्या प्लेअरवर ए विभागाची डिस्क चालली कशी? सर्व विभागांचा घेतलात की संगणकावर पाहिलीत? माझ्या भाच्याला कोल्हापूरला पाठवायचाय संच, त्याआधी कळलं तर बरं.