'होप' येण्यापूर्वी ह्वांग जंग-मिन यांचे कोणते चित्रपट पाहावेत?

प्रश्न – पूर्वभाग सोलापूर

नमस्कार. ह्वांग जंग-मिन या कोरियन अभिनेत्याचे काम मी गेली काही वर्षे मनापासून पाहते आहे, आणि ना होंग-जिन दिग्दर्शित 'होप' या त्यांच्या आगामी चित्रपटाची मला जेवढी उत्सुकता आहे तेवढी अलीकडे कोणत्याच चित्रपटाची वाटलेली नाही. 'द वेलिंग' २०१६ साली आला, त्यानंतर ना होंग-जिन यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट आहे. छायाचित्रणही 'द वेलिंग'च्याच होंग क्युंग-प्यो यांचे आहे, ज्यांनी पुढे 'पॅरासाइट' चित्रित केला. सोबत जो इन-संग आणि जंग हो-यन आहेत, शिवाय मायकल फासबेंडर आणि अलिशिया विकांडर हे पाश्चात्त्य कलाकारही आहेत. दोन्ही कोरियांमधल्या लष्करमुक्त पट्ट्याजवळच्या एका बंदरगावात वाघ आल्याची खबर तिथल्या पोलीस चौकीच्या प्रमुखाला मिळते, इथून गोष्ट सुरू होते, असे जाहीर झाले आहे. हा चौकीप्रमुख म्हणजे ह्वांग. त्यापुढचे काहीही वाचायचे नाही, असे मी ठरवून टाकले आहे.

२०२६च्या उन्हाळ्यात कोरियात प्रदर्शित करण्याचे निर्मात्यांनी घोषित केले होते. तोवर त्यांचे जुने चित्रपट क्रमाने पाहावेत असा विचार आहे. 'द वेलिंग' आणि 'नार्को-सेंट्स' ही मालिका एवढेच मी पाहिले आहे. आईलाही माझ्यासोबत पाहायचे आहे, मात्र तिला रक्तपात सोसत नाही. कोणता चित्रपट आधी पाहावा आणि कोणता मागे ठेवावा? सोलापुरात राहून 'होप' मोठ्या पडद्यावर पाहता येईल का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर – तिसरी घंटा

ताई, मी हौशी रंगभूमीवर काम करतो, त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूने झुकलेले असेल. ह्वांग हे मुळात रंगमंचावरचे नट आहेत. सोलमधल्या किम मिन-गी यांच्या हाकचोन या छोट्या नाट्यगृहात, 'लाइन १' या संगीत नाटकातून त्यांची उमेदवारी झाली. नाव झाल्यावर अनेकांचे नाटक सुटते, त्यांचे सुटले नाही. २०१८ साली ते 'रिचर्ड तिसरा' झाले आणि २०२४ साली कोरियाच्या राष्ट्रीय नाट्यगृहात 'मॅकबेथ'. हे लक्षात ठेवून 'द वेलिंग'मधला मांत्रिकाचा विधी पुन्हा एकदा पाहा. ढोल-झांजांच्या गजरात चाललेला तो विधी मुख्यतः सलग चित्रित केल्याचे सांगितले जाते, आणि ते पटते, कारण दम लागणे, पावलांचा वेग चढत जाणे, आवाज फाटणे हे तुकड्या-तुकड्यांनी केलेल्या अभिनयात असे येत नाही. विशेष म्हणजे हे पात्र चित्रपटात बऱ्याच उशिरा प्रवेश करते, आणि आल्याक्षणी सगळा पट आपल्या ताब्यात घेते.

पहिला चित्रपट म्हणून मी 'न्यू वर्ल्ड' (२०१३) सुचवेन. गुन्हेगारी टोळीतला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस त्यांनी त्यात रंगवला आहे. बडबड्या, भडक कपड्यांतला, वरवर उथळ. पण मित्रावरची त्याची माया इतकी खरी आहे की त्याच्या क्रौर्याइतकीच तीही अंगावर येते. या भूमिकेसाठी त्यांना ब्लू ड्रॅगन पुरस्कार मिळाला. आईंना मात्र हा दाखवू नका.

२००५ साली 'यू आर माय सनशाइन'साठी हाच पुरस्कार स्वीकारताना त्यांनी केलेले भाषण कोरियात आजही आठवले जाते. साठेक तंत्रज्ञ आणि सहकारी मिळून पान वाढून ठेवतात, मी फक्त चमचा घेऊन बसतो आणि चवीने जेवतो, अशा आशयाचे ते बोलले होते. रंगमंचामागे उभे राहून ज्याने पडदा ओढला आहे, त्याला या वाक्याचे मोल कळेल.

उत्तर – जुनी गिरणी

आईंसोबत पाहायचा असेल तर प्रश्नच नाही: 'ओड टू माय फादर' (२०१४). कोरियन युद्धात, डिसेंबर १९५० मधल्या उत्तर कोरियातील हंगनाम बंदरावरच्या पळापळीत ज्याचे वडील आणि धाकटी बहीण मागे राहतात, तो मुलगा आयुष्यभर कुटुंबाचा भार वाहतो. जर्मनीच्या खाणीत उतरतो, व्हिएतनामला जातो. १९८३ साली कोरियन दूरचित्रवाणीने ताटातूट झालेल्या कुटुंबांना एकत्र आणण्यासाठी कार्यक्रम केला होता. त्याचा प्रसंग येईल तेव्हा आईंच्या शेजारी बसा. सलमान खानचा 'भारत' (२०१९) याचाच अधिकृत हिंदी अवतार आहे, पण मूळ चित्रपटात ह्वांग ज्या साधेपणाने म्हातारे होतात तो तिथे सापडत नाही. आमच्या घरात गिरणी कामगारांची एक पिढी होऊन गेली, म्हणून असेल कदाचित, पण स्वतःची हौस मारून भावंडांना शिकवणारा तो माणूस मला अजिबात परका वाटला नाही.

उत्तर – उत्तर कसबा

वरच्या दोन्ही शिफारशी योग्य आहेत, पण '१२.१२: द डे' (२०२३) राहून जाता कामा नये, आणि माझ्या मते तो सर्वांत शेवटी पाहावा. १२ डिसेंबर १९७९ रोजी जनरल चुन डू-ह्वान यांनी केलेल्या लष्करी उठावावर तो आधारलेला आहे. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हत्या झाली होती, एवढी पार्श्वभूमी ठेवली की पुरे. चुन यांच्यावर बेतलेल्या भूमिकेत टक्कल आणि रंगभूषेमुळे ह्वांग ओळखू येत नाहीत हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही की, शेवट इतिहासात नोंदलेला असूनही हा माणूस हरेल अशी आशा ते आपल्याला रात्रभर लावून ठेवतात. कोरियात चित्रपटाचे यश कमाईपेक्षा प्रेक्षकसंख्येवर मोजतात. सुमारे पाच कोटी लोकसंख्येच्या त्या देशात एक कोटी प्रेक्षकांचा टप्पा मानाचा समजला जातो, आणि '१२.१२', 'ओड टू माय फादर' व 'व्हेटरन' (२०१५) या तिन्हींनी तो ओलांडला आहे. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री कोरियात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा लोकांना हाच चित्रपट आठवला.

'होप'कडून दुसऱ्या 'द वेलिंग'ची अपेक्षा ठेवू नका, एवढे आग्रहाने सांगतो. तिथे ह्वांग भीती पेरणारे होते, इथे त्यांच्यावर गावाला सांभाळण्याची जबाबदारी आहे. आपल्याच जिल्ह्यात, बार्शी तालुक्यात, २०२४च्या अखेरीस वाघ फिरू लागला तेव्हा शिवारात एकट्याने जायला माणसे किती कचरत होती, हे आपण ऐकले आहे. न दिसलेल्या जनावराने अख्खे गाव कसे बदलते हे पडद्यावर पाहण्यासाठी ना होंग-जिन यांच्याइतका योग्य दिग्दर्शक मला दुसरा सुचत नाही.

प्रश्नकर्ती – पूर्वभाग सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी आईसोबत 'ओड टू माय फादर', मग मी एकटी 'न्यू वर्ल्ड', आणि शेवटी '१२.१२' असे ठरवले. चित्रपटगृहाचे कोणी सांगेल का?

उत्तर – तिसरी घंटा

कोरियन चित्रपट सोलापुरात क्वचितच लागतात, त्यामुळे पुण्याची तयारी ठेवा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघालात तर दुपारचा खेळ पाहून संध्याकाळच्या गाडीने परत येता येते. भारतातील प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली की इथेच लिहा. आपण चार-पाच जण असू तर आधी इथल्या मल्टिप्लेक्सच्या व्यवस्थापकांना भेटून एका खेळाची विनंती करू, आणि ते शक्य नसेल तर एकत्रच पुण्याला जाऊ.