सिएनाची कॅथरीन मठात नव्हतीच

इटलीतल्या सिएना शहरातली ख्रिस्ती संत कॅथरीन हिला कुणी ‘मठात कोंडून घेतलेली जोगीण’ म्हणतं, म्हणून हे थोडं. ती मठात कधीच राहिली नाही. १३४७ साली सिएनात एका रंगाऱ्याच्या घरी जन्मली. लग्नाचा लकडा लागल्यावर तिने सरळ केस कापून टाकले, आणि पुढे डोमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या, पण आपापल्या घरीच राहणाऱ्या व्रतस्थ बायकांत सामील झाली. त्या बहुतेक विधवा, ही कोवळी पोर!

तिची पत्रं मिळाली तर जरूर वाचा. साडेतीनशेहून जास्त उरली आहेत, बहुतेक सांगून लिहवून घेतलेली. रोम सोडून आजच्या फ्रान्समधल्या आविन्योंत बसलेल्या पोप अकराव्या ग्रेगरीला ती लाडाने ‘बाब्बो’ (बाबा) म्हणते आणि त्याच दमात ‘भित्रेपणा सोडा, रोमला चला’ असं सुनावते. १३७७ मध्ये तो रोमला आला खरा, पण सगळं श्रेय तिला देणं मला पटत नाही. त्याचा बेत आधीपासून होताच.

उपासांनी मात्र शरीर पार पोखरलं. १३८० मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, रोममध्ये वारली. धड तिथे मिनर्वाच्या चर्चमध्ये ठेवलंय, तर शिर सिएनाच्या सान दोमेनिको चर्चमध्ये. १४६१ मध्ये तिला संतपद देणारा पोप दुसरा पायसही सिएनाकडचाच, हा योगायोग नसावा!

आणि नाव एकच म्हणून गल्लत नको: जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल हिचं नव्हे. ते दुसऱ्याच संत, अलेक्झांड्रियाच्या कॅथरीनचं: पोर्तुगीज आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं तो २५ नोव्हेंबर, तिच्या सणाचा दिवस.