मदत हवी आहे: घरासाठी ड्रिप कॉफी मेकर कोणता घ्यावा?

ओसरी

नमस्कार मंडळी. घरासाठी ड्रिप कॉफी मेकर, म्हणजे पुडीतून गरम पाणी झिरपवून कॉफी करणारं विजेचं यंत्र, घ्यायचाय. दुकानात जाऊन आले, खोक्यांवरचं सगळं वाचलं, पण काय बघून ठरवायचं ते कळेना. इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारते.

आम्ही ठाण्याला राहतो, घरात चौघं. मी आणि नवरा सकाळी साडेसहाला बिनदुधाची कॉफी पितो, प्रत्येकी मोठा मग, अंदाजे २५० मिली. सासूबाईंचं माहेर धारवाडचं. त्यांना दुधाची दाट फिल्टर कॉफीच लागते आणि ती त्या स्टीलच्या फिल्टरमध्ये स्वतः करतात. सासरे चहावाले.

सध्या आमची कॉफी फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दांडीच्या जाळीने गाळ खाली दाबायच्या भांड्यात, होते. चव छान, पण ऐन घाईत तो गाळ काढून जाळी धुवायचा कंटाळा येतो. शिवाय नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलंय आणि डॉक्टर म्हणाले की कॉफी कागदातून गाळलेली प्या. म्हणून हा घाट.

बजेट ५,००० पर्यंत, कारण पटलं तर थोडं वर जाईन. माझा भाऊ डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय, तो म्हणतो तिथून उत्तम मशीन आणतो. आणू दे का? काचेचं भांडं बरं की थर्मासचं? ६ कप की १२ कप? आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी असतं, त्याने मशीन खराब होईल का? आणि सासूबाईंची कॉफी यात होईल का? एकाच यंत्रात भागलं तर ओटा मोकळा राहील.

तारवाला

भावाला मशीन आणू देऊ नका. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. फोन-लॅपटॉपचे चार्जर दोन्हीवर चालतात, कॉफी मेकर चालत नाही. त्यातलं हीटिंग एलिमेंट १२० साठी बनवलेलं असतं. त्याला २३० दिले की ते जवळजवळ पावणेचारपट वीज खेचतं. नशीब चांगलं असेल तर थर्मल फ्यूज उडून मशीन तिथेच बंद पडेल. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण ९०० वॅटच्या मशीनला १५०० व्हीए क्षमतेचा तरी घ्यावा लागेल. तो चांगला वजनदार असतो आणि ओट्यावर पाण्याच्या जवळ मला तरी नको वाटेल.

आता ६ कप की १२ कप. याचं उत्तर वॅटमध्ये आहे. या मशीनमध्ये पंप नसतो. टाकीतलं पाणी तळाच्या नळीत उतरतं, नळी तापते, वाफेचे बुडबुडे होतात आणि तेच पाण्याला वर ढकलतात. म्हणजे पाणी किती वेळात कॉफीतून जाणार हे वॅटवरच ठरतं. तुमच्या दोन मगांसाठी लागणारं सुमारे ५६० मिली पाणी २५ अंशांवरून ९५ पर्यंत न्यायला सुमारे १६४ किलोज्यूल लागतात. ६०० वॅटला साडेचार मिनिटं, थोडी उष्णता वाया जाते ती धरून पाच-सहा. १००० वॅटचं १२ कपांचं मशीन तेवढंच पाणी तीन मिनिटांत संपवेल आणि कॉफी फिकी उतरेल. मोठं मशीन अर्धं भरून वापरण्यात तोटाच आहे. तुमच्या दोन मगांना ६०० ते ७५० वॅटचं छोटं मशीन बरोबर.

मुक्काम जर्मनी

तारवाल्यांशी सहमत. खोक्यावरचा ‘कप’ आपल्या घरातला कप धरू नका. इथे तो १२५ मिलीचा धरतात, त्यामुळे तुमचे दोन मग म्हणजे यांचे चार कप झाले. शिवाय ओली कॉफी आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते. मगात ५०० हवं तर टाकीत ५६० घाला. ६०० मिलीची टाकी तुमच्यासाठीच केल्यासारखी आहे.

इथे जर्मनीत हे यंत्र घराघरात दिसतं आणि त्याचा मूळ शोधही इथलाच. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात ठेवून कॉफी गाळली. विजेचं पहिलं ड्रिप मशीन, विगोमाट, १९५४ चं. तुमच्या कामाची गोष्ट अशी की कॉफीतली जी तेलं कोलेस्टेरॉल वाढवतात, विशेषतः कॅफेस्टॉल, ती कागदात अडकतात. धातूच्या किंवा नायलॉनच्या जाळीतून ती सरळ खाली येतात. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच मशीनबरोबर कायमची जाळीच देतात आणि ‘कागद लागत नाही’ हा फायदा म्हणून छापतात. तुमच्यासाठी तो फायदा नाही. घेताना पूड घालायची टोपली बघा. शंकूसारखी असेल तर १x२ किंवा १x४ या मापाचे कागद बसतात, सपाट तळाची असेल तर वाटीसारखे. तुमच्या गावात कोणते कागद सहज मिळतात ते आधी पाहा, मग मशीन. भावाकडून मागवायचेच तर कागदाचे गठ्ठे मागवा, हलके असतात.

युरोपातली मशीनं २३० व्होल्टचीच असतात, त्यामुळे तिकडे चालतात. फक्त प्लग नीट अर्थिंगचा बदलून घ्यावा लागतो, आणि वॉरंटी मिळत नाही.

कावेरीकाठ

मी बंगळूरला असते, सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय. त्यांच्या फिल्टरला हात लावू नका! स्टीलच्या फिल्टरमध्ये थोडंसं गरम पाणी हळूहळू झिरपून दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरतं, म्हणून त्यात भरपूर दूध घातलं तरी कॉफी कॉफी राहते. ड्रिप मशीनमधली कॉफी तशीच प्यायची, त्यात पेलाभर दूध घातलंत तर नुसतं रंगीत दूध होईल. शिवाय त्यांच्या पुडीत चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) असणार, कॉफी आणि चिकोरी ८०:२० किंवा ६०:४०. बारीक दळलेली चिकोरीवाली पूड कागदात घातली की कागद तुंबतो आणि टोपली वरून वाहते. दोन पुड्या, दोन डबे, दोन यंत्रं. घरात दोन वेगळ्या कॉफ्या आहेत हे मान्य केलं की सगळं सोपं होतं.

तुमच्यासाठी बिनचिकोरीची अरेबिका जातीची कॉफी घ्या, चिकमगळूरची किंवा कूर्गची. दळण जाड्या रव्याइतकं. प्रमाण लिटरला ५५ ते ६० ग्रॅम, म्हणजे ५६० मिलीला ३१ ते ३४ ग्रॅम. मशीनबरोबरच्या चमच्याने मोजू नका, छोटा वजनकाटा घ्या. ३०० रुपयांच्या काट्याने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या मशीननेही पडत नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

भांडं काचेचं असलं तरी चालेल, पण खालची तबकडी कॉफी तापवत राहते आणि अर्ध्या तासात ती कडू, जळकट लागते. गाळून झाली की लगेच मशीन बंद करा. नवऱ्याला उशीर होणार असेल तर गरम पाण्याने खंगाळलेल्या स्टीलच्या थर्मासमध्ये ओतून ठेवा. त्यासाठी थर्मासवालं महाग मशीन घ्यायची गरज नाही.

सायफन

मशीन कशाला? चिनी मातीचा शंकू आणि कागद घ्या, वरून हाताने पाणी ओता. हजारभर रुपयांत काम होतं आणि पाण्याचं तापमानही तुमच्या हातात. ५,००० च्या आतल्या मशीनमध्ये पहिलं पाणी बऱ्याचदा पुरेसं गरम नसतं. चांगल्या कॉफीला ९२ ते ९६ अंश लागतात.

ओसरी

सायफन, तुमचं पटतं, पण सकाळी साडेसहाला एका बाजूला डबे आणि दुसऱ्या बाजूला कुकर असतो. चार मिनिटं किटली धरून उभं राहणं जमणार नाही. बटण दाबून बाजूला होता यावं हीच माझी मुख्य गरज.

पाण्याचं कोणी सांगेल का?

तारवाला

टँकरचं पाणी बहुतेकदा बोअरचं, जड. त्यातला चुना त्या तळाच्या नळीत बसतो. मग मशीनला वेळ जास्त लागतो, वाफ फार येते, घुरघुर वाढते. तसं दिसलं की लिटरला दोन मोठे चमचे या मापाने पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, विरघळवून टाकीत घाला. अर्धं उतरलं की वीस मिनिटं बंद ठेवा, मग उरलेलं काढा. नंतर दोनदा साधं पाणी. व्हिनेगरनेही होतं, पण वास रेंगाळतो.

आरओचं पाणी वापरलं तर चुन्याचा प्रश्न मिटतो, मात्र टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, अगदी वीस-तीसवर आणलेला असेल तर कॉफी सपक लागते. सर्व्हिसवाला आला की १०० ते १५० च्या दरम्यान ठेवायला सांगा.

ओसरी

खूप आभार सगळ्यांचे. ६०० मिली, ६०० ते ७५० वॅट, शंकूची टोपली, काचेचं भांडं, एवढं लिहून घेतलंय. शनिवारी जाते. भावाला कागदांचं कळवलं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर कावेरीकाठ यांचं म्हणणं ऐकून त्या खूश झाल्या.

एकच राहिलं. घरी ग्राइंडर नाही. माटुंग्याला दळून देतात तिथे काय सांगायचं?

कावेरीकाठ

बिया दाखवायला सांगा, मध्यम भाजलेल्या घ्या, फार काळ्या आणि तेलकट नकोत. ‘चिकोरी नको, फिल्टरपेक्षा जाड, ड्रिपसाठी’ एवढं म्हणा. त्यांची नेहमीची सवय बारीक दळायची, म्हणून पहिली मूठभर दळली की चिमटीत घेऊन बघा, मगच बाकीचं दळू द्या. एका वेळी पाव किलोच्या वर घेऊ नका. तुमच्या मापाने ती आठवडाभरात संपेल. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, फ्रिजबाहेर.