स्टुडिओतला सायकलिंग क्लास: कुरकुरत्या गुडघ्यानं जावं का?

लेडीबर्डवाली

लेकीनं वाढदिवसाला भेट दिलीय. साडी नाही, पुस्तक नाही, तर बाणेरच्या एका स्टुडिओतला इनडोअर सायकलिंगचा क्लास! येत्या शनिवारी सकाळी सात वाजता, ४५ मिनिटं. वय ४९, बीपी-शुगर नाही, उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो.

सायकल मला नवी नाही. कर्वे रोडवरून कॉलेजला जाताना तीन वर्षं लेडीबर्ड हाणलीय, तोंडाला ओढणी गुंडाळून. पण काल सहज त्या स्टुडिओत डोकावले आणि धसकाच घेतला. अंधारी खोली, वीसेक सायकली, चौथऱ्यावर हेडसेट लावलेली मुलगी आणि गाणी अशी की काउंटरवरची पेनं थरथरत होती. आतली मंडळी निम्मा वेळ उभ्यानंच पायडल मारत होती. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "मॅम, शू साइज?" मी म्हटलं, चपलेचा सांगू की बुटाचा? तो हसला नाही.

तर, उभं राहणं जमलं नाही तर बसून चालतं का? गुडघ्याचं काय? आणि ते बूट पायडलला अडकतात म्हणे, ते सुटतात ना? लेकीला विचारलं तर "आई, चिल" एवढंच उत्तर मिळतं.

टवाळ_टेकडी

कोथरूडहून गाडी काढायची, चांदणी चौक पार करायचा, बाणेरला पार्किंग शोधायचं, कशासाठी तर जागच्या जागी सायकल चालवायला! वेताळ टेकडी घरामागे आहे, फुकट आहे, आणि मोरसुद्धा दिसतात.

टूलरूमकाका

ताई, टवाळांचं मनावर घेऊ नका, मोर गुडघे बघत नाहीत.

मी ५८. भोसरीत ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली. गेल्या वर्षी सुनेनं असंच एका क्लासला नेलं होतं. माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल.

आपण रस्त्यावरची माणसं. उतार आला की पायडल थांबवायचं आणि मागच्या चाकाची टिकटिक ऐकत जायचं, हे अंगात मुरलेलं. पहिलं गाणं संपलं, बाई म्हणाल्या "रिकव्हर", आणि मी सवयीनं पाय थांबवले. पायडल थांबेना! पायाला असा हिसका बसला की सीटवरून वीतभर उडालो. तेव्हा ट्यूब पेटली, की या सायकलला फ्रीव्हीलच नाही. पुढचं जड चाक हे सरळसरळ फ्लायव्हील, पॉवर प्रेसला असतं तसं. पंधरा-वीस किलोचं चाक गरगरत असताना तुमच्या पायानं ते थांबणार नाही, तेच पाय फिरवणार. काही नव्या सायकली फ्रीव्हीलच्याही असतात म्हणे, पण तुमची तशी नाही असंच धरून चला.

म्हणून बसल्या बसल्या पहिली गोष्ट: दांडीवर जो नॉब असतो, तो वळवला की लोड वाढतो आणि दाबला (काही मॉडेलांत वेगळा खटका असतो) की ब्रेक लागतो. तो एकदा दाबून बघा, मगच पाय हलवा. जुन्या सायकलींत नमद्याचा गुटका चाकावर घासतो, नव्यांत चाकाजवळ चुंबक सरकतो. चुंबकवाल्यात काही झिजत नाही, आवाजही नाही. (माझा अर्धा क्लास तो चुंबक किती मिलिमीटरवर आहे हे वाकून बघण्यात गेला. सून अजून सांगते सगळ्यांना.)

दुसरं, लोड शून्यावर ठेवून जोरात पाय फिरवू नका. नव्या माणसाला वाटतं हलकं म्हणजे सोपं. तसं नसतं. लोड नसला की चाक तुम्हाला पळवतं, बूड सीटवर आपटतं आणि गुडघा झटके खातो. चिखलातून सायकल काढताना पायाला लागतो तसा थोडा अडसर कायम हवा. उभं राहताना आधी लोड वाढवायचा, मग उठायचं. आणि नाही उठलात तरी कुणी बघत नाही, अंधार त्यासाठीच असतो! मी निम्मा क्लास बसूनच काढला.

बूट: तळाला धातूची क्लीट असते, ती पायडलमध्ये खट्कन बसते. सोडवताना पाय वर ओढायचा नाही, टाच बाहेरच्या बाजूला झटक्यानं फिरवायची. चाक पूर्ण थांबल्यावरच. तरी नाही सुटला तर बुटाची पट्टी उघडून पाय बाहेर काढा, बूट राहू दे तिथंच. भाड्याचाच तर असतो.

आवाजाचं मात्र तुमचं बरोबर आहे. कंपनीत आम्हाला कान झाकल्याशिवाय प्रेस शॉपमध्ये पाऊल टाकू देत नसत. अमेरिकेच्या नायॉश संस्थेचा हिशेब असा, की ८५ डेसिबल ८ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. मी खिशातून पिवळे फोमचे बोळे नेले होते. गाणं तरीही ऐकू आलं.

फिजिओबाई

काकांच्या 'अडसर हवा' ला माझा दुजोरा. गुडघ्याचं निम्मं काम सीट करते. शेजारी उभं राहून सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला आणा. बसल्यावर पायडल अगदी खाली असताना गुडघ्यात किंचित बाक राहिला पाहिजे. सीट बुटकी राहिली की वाटीवर ताण येतो. तुमची कुरकुर जिना उतरताना आहे, म्हणजे बुटकी सीट तुम्हाला नक्की नडेल. पंधरा मिनिटं आधी जा आणि पहिलीच वेळ आहे, गुडघा दुखतो, हे शिकवणाऱ्या मुलीला सांगा.

आता थोडं घाबरवते. पहिल्याच क्लासला जिद्दीनं शेवटपर्यंत ताणणाऱ्यांत क्वचित रॅब्डोमायोलिसिस होतो. मांड्यांचे स्नायू इतके फुटतात की त्यातला माल रक्तात येऊन मूत्रपिंडावर ताण पडतो. २०१७ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये स्पिन क्लासनंतरच्या (म्हणजे याच सायकलिंग क्लासनंतरच्या) अशा रुग्णांवर लेख आला होता. रोज व्यायाम करणारी तरुण मंडळीही यात सापडतात, कारण दम टिकतो पण मांड्यांना त्या कामाची सवय नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय दुखणारच. पण मांड्या सुजून कडक झाल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

थोडक्यात, पहिल्या दिवशी अर्ध्याच जोरानं. पाणी न्या, उपाशी जाऊ नका, आदल्या रात्री जागरण नको.

टवाळ_टेकडी

हे वाचून मी टेकडीवरही जाईन की नाही शंका आहे.

'स्पिन' वरून आठवलं, 'स्पिनिंग' हा नोंदवलेला ट्रेडमार्क आहे, म्हणून पाट्यांवर बहुधा 'इनडोअर सायकलिंग' लिहितात. सुरुवात कॅलिफोर्नियात जॉनी गोल्डबर्ग नावाच्या सायकलपटूनं केली, १९८० च्या दशकाच्या शेवटी.

लेडीबर्डवाली

जाऊन आले!

सीट त्या मुलीनं स्वतः लावून दिली, गुडघ्याचं सांगितल्यावर दोन खाचा आणखी वर केली. पाय पुरतील की नाही वाटलं, पण पुरले. काका, सगळं पाठ करून गेले होते, तरी तिसऱ्या गाण्याला तिनं डोळे मिटायला सांगितले, माझ्या डोळ्यांसमोर गरवारेचा पूल आला, आणि पाय थांबले! हिसका बसलाच. पण नॉबवर हात होता.

उभी दोनदाच राहिले, एकदा तर चार आकडे मोजेपर्यंतच. शेजारची पंचविशीतली मुलगी आरशात स्वतःलाच बघत होती, माझ्याकडे कशाला बघेल. बोळे विसरले, पण काउंटरवर एका बरणीत फुकट ठेवलेले होते. इतकं कळतं तर गाणी हळू लावा की.

फिजिओबाई, आज सोमवार. चहा दुधाचा आहे आणि बाकी सगळं पाण्यासारखं. मांड्या बोलतायत, गुडघा नाही. खरा मार बसलाय तो बुडाला. सीट म्हणजे पाटाच्या कडेवर बसल्यासारखी. पॅडवाली चड्डी घ्यावी का, की सवयीनं जातं?

आणि हो, उजवा बूट सुटला नाही. टाच बाहेर, टाच आत, सगळं झालं. शेवटी पट्टी उघडून पाय काढला आणि मोज्यावर खाली उतरले. काउंटरवरच्या त्या मुलाला म्हटलं, "शू साइज सहा, पाच नंबरच्या सायकलवर आहे." या वेळी हसला.

फिजिओबाई

दोन-तीन क्लासमध्ये बूड सरावतं. तोवर सीट आडव्या रेषेत आहे ना, नाक वर गेलेलं नाही ना, ते बघा. चड्डी त्यानंतर ठरवा.