ख्रिस्ती विश्वदृष्टी मतांगीकारात दिसते की हिशेबाच्या वहीत?

मूळमुद्दा (धागाकर्ता)

विश्वदृष्टी म्हणजे काय हे सांगताना बहुतेक जण प्रश्नांची यादी देतात. जग कुठून आले, माणूस कोण, घोटाळा कुठे झाला, त्यावर इलाज काय, शेवट काय. ख्रिस्ती उत्तरेही ठरलेली आहेत: निर्मिती, पतन (माणसाचे पापात पडणे), उद्धार, नवी सृष्टी. यादी बरोबरच आहे. पण उत्तरे पाठ असणे वेगळे आणि जग तसे दिसणे वेगळे. हा फरक तपासायचा तर एकच प्रश्न विचारावा: मंडळीत (चर्चमध्ये) जमलेले दान कोण मोजते?

'सर्वांनी पाप केले आहे' (रोमकरांस 3:23) हे जी मंडळी खरोखर मानते, ती पैसा एका हाती ठेवत नाही. एकमेकांचे नातलग नसलेले किमान दोघे एकत्र बसून मोजतात आणि आकड्याखाली दोघांची सही असते. मोजणारा वही लिहीत नाही, वही लिहिणारा बँकेत भरणा करत नाही. वर्षाकाठी बाहेरचा माणूस सगळे तपासतो. प्रेषित पौलाने याहून वेगळे काय केले? यरुशलेमेतल्या गरिबांसाठीच्या वर्गणीच्या कामी त्याने तीताबरोबर आणखी दोन भाऊ धाडले. त्यांतला एक मंडळ्यांनी निवडलेला होता, पौलाने नव्हे. कारणही लिहून ठेवले की या देणगीवरून कोणी आम्हाला दोष लावू नये (2 करिंथकरांस 8:16-24). प्रेषित स्वतःवरच पहारा बसवून घेतो! पतनाची शिकवण व्यवहारात आली की अशी दिसते.

'आमचे पाळक देवमाणूस, त्यांच्याकडे हिशेब कसला मागायचा' असे जिथे म्हणतात, तिथे मतांगीकार (विश्वासाचा ठरलेला जाहीरनामा) कितीही घोकलेला असो, दृष्टी दुसरीच आहे. त्या दृष्टीत पाप फक्त इतरांना लागते.

शंकासुर

दोन सह्यांचा नियम नास्तिकांच्या संस्थेतही असतो हो. चोरी होते हे कळायला आदाम-हव्वेच्या एदेन बागेपर्यंत जावं लागत नाही. तुम्ही आधी चांगली पद्धत निवडलीत आणि मग तिला वचन चिकटवलंत.

चिकटवायचंच तर उलट्या पद्धतीलाही चिकटतं. विश्वदृष्टी ही कल्पना ख्रिस्ती विचारात रुजवली ती जेम्स ऑर (व्याख्यानं 1891ची, पुस्तक 1893चं) आणि अब्राहम कायपर (प्रिन्स्टनची व्याख्यानं, 1898) यांनी. कायपरचा सिद्धांत असा, की कुटुंब, शासन, विज्ञान, मंडळी ही प्रत्येक क्षेत्रं थेट देवाला जबाबदार. एकानं दुसऱ्यात नाक खुपसू नये. सरकारला लगाम म्हणून उत्तम. पण दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानेर धर्मपंडितांनी 'जनसमूह' हेही असंच देवानं नेमलेलं स्वतंत्र क्षेत्र ठरवलं, आणि वर्णभेदाला धर्माचा टेकू मिळाला. निर्मिती, पतन, उद्धार सगळं जागच्या जागी होतं. मग त्या चौकटीनं नेमकं घडवलं काय?

घंटानाद

@शंकासुर, उदाहरण चोख, पण घटनाक्रम बघा. केपमधल्या डच रिफॉर्म्ड मंडळीच्या सिनडनं (सर्वोच्च सभेनं) 1829 साली ठरवलं होतं की प्रभुभोजन (येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस) सर्वांना एकत्रच द्यायचं, रंग बघायचा नाही. 1857 साली तीच सिनड म्हणाली, एकत्र असावं हे शास्त्राला धरूनच आहे, पण 'काहींच्या दुर्बलतेमुळे' वेगळी उपासना चालेल. 1881 मध्ये गोरे नसलेल्यांची वेगळी मंडळीच स्थापन झाली. कायपर प्रिन्स्टनला बोलले ते त्यानंतर सतरा वर्षांनी. म्हणजे प्रभुभोजनाचं मेज आधी फुटलं, सिद्धांत मागून आला. लोकांनी चौकट वाचून वेगळं बसायला सुरुवात केली नाही. दोन पिढ्या वेगळं बसल्यावर त्यांना तशी चौकट पटली.

म्हणून मला धागाकर्त्याचंही पटत नाही. माणूस घडतो तो उपासनेच्या क्रमात: पापकबुली, क्षमेची घोषणा, वाचन, संदेश, मतांगीकार, प्रभुभोजन, पाठवणी. यातला एक भाग काढा आणि परिणाम बघा. हल्ली 'नव्या लोकांना जड जातं' म्हणून पापकबुली गाळतात. मग उरतात गाणी, संदेश आणि सूचना. 'माझं चुकलं' हे वाक्य आठवड्यातून एकदाही तोंडून गेलं नाही, की घरात किंवा कमिटीच्या बैठकीत ते अचानक कुठून येणार? पाळकानं पापावर वर्षभर संदेश दिले तरी ही उणीव भरून निघत नाही. ऐकणं वेगळं, स्वतःच्या तोंडानं म्हणणं वेगळं.

मूळमुद्दा

घंटानाद, सवयीचे बळ मान्य. पण सवयच सगळे घडवते म्हटले तर 1982 चे काय करायचे? त्या वर्षी ऑटावात रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवले. त्याच वर्षी 1881 च्या त्या वेगळ्या काढलेल्या मंडळीने बेल्हार अंगीकार या विश्वासाच्या जाहीरनाम्याचा मसुदा केला आणि 1986 ला तो स्वीकारला. शंभर वर्षे वेगळे बसवलेल्या लोकांनी आधार कशाचा घेतला? ख्रिस्ताने समेट घडवला आहे, या शिकवणीचा. मधली आडभिंत त्याने पाडली (इफिसकरांस 2:14), म्हणून माणसांत मुळात समेट होऊच शकत नाही असे गृहीत धरणारी शिकवण खोटी. सवय एकीकडे ओढत होती, चौकटीने दुसरीकडे खेचले.

शंकासुर, दोन सह्यांबद्दल. कंपनी पहाऱ्याचा खर्च आणि संभाव्य नुकसान यांचा ताळा घालते. नुकसान किरकोळ असेल तर पहारा काढते, आणि तिच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मंडळी नुसत्या रकमेकडे बघत नाही. एकट्याच्या हाती पेटी देणे म्हणजे त्या माणसाला मोहात ढकलणे, म्हणून शंभर रुपयेही दोघांनीच मोजायचे. आणि चोरी पकडल्यावर कंपनी चोराला काढून मोकळी होते. मंडळीचे काम तिथे सुरू होते.

पै_न_पै

आणि नेमकं तिथंच मंडळ्या आपटतात, त्यामुळे यावर जरा सविस्तर.

नेहमीचा प्रकार असा: खजिनदार सापडतो, सगळ्यांसमोर रडतो, वडीलमंडळ प्रार्थना करतं, 'देवानं क्षमा केली, आपण कोण?' म्हणतं आणि महिन्याभरात पेटी पुन्हा त्याच्याकडे. ज्यानं चोरी उघड केली त्यालाच 'मनात कटुता ठेवू नको' असा उपदेश मिळतो. याला कृपा म्हणत नाहीत, याला प्रकरण दाबणं म्हणतात.

शास्त्रातला क्रम फार कडक आहे. लेवीय 6:1-7 वाचा: लुबाडलेलं मुद्दल परत, वर पाचवा हिस्सा, म्हणजे शंभर घेतले असतील तर एकशेवीस. तेही ज्याचे घेतले त्याला, दोषार्पणाच्याच (दोषाबद्दल द्यायच्या बळीच्याच) दिवशी. चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं असेल तर एकास चार (निर्गम 22:1). जक्कय या जकातदारानं चौपटीचा आकडा स्वतःहून उच्चारला (लूक 19:8), आणि 'आज या घराला तारण प्राप्त झाले आहे' हे येशूचं वाक्य त्यानंतर येतं.

व्यवहारात चार गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: क्षमा, भरपाई, संगती, पद. क्षमा आजच. भरपाईचा लेखी करार, हप्ते आणि तारखांसकट. संगतीत परत घेणं हळूहळू, पश्चात्तापाला शोभणारं फळ बघून. पद मात्र हक्कानं परत मिळत नाही, कारण अध्यक्षाच्या (मंडळीच्या पुढाऱ्याच्या) अटींतच 'द्रव्यलोभी नसावा' आहे (1 तीमथ्य 3:3). थोडक्यात, क्षमा लगेच, पैसे हप्त्यानं, किल्ल्या नाहीत. गुन्हा लहान मुलांच्या किंवा बायकांच्या छळाचा असेल तर यातलं काहीही करण्याआधी पोलीस.

शंकासुर

पै_न_पै, हा प्रतिसाद जपून ठेवतो, अगदी किल्ल्यांसकट. पण पटीनं भरपाई ही काही बायबलची मक्तेदारी नाही. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात चोरलेल्या जनावराला दसपट आहे, मालक मंदिर किंवा राजवाडा असेल तर तीसपट.

मूळमुद्दा

तुम्हीच मुद्दा हातात दिलात. तिथे दंड मालकाच्या दर्जावर ठरतो, आणि चोराकडे द्यायला काही नसेल तर मरण. निर्गम 22 मध्ये मेंढरू कोणाचे हे विचारलेलेच नाही. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा मानला (उत्पत्ती 1:27) की कायद्यात असा फरक पडतो.

शंकासुर

मेंढराच्या बाबतीत पडतो, बरं. आता एक अध्याय मागे जा. मारका म्हणून ठाऊक असलेल्या बैलानं स्वतंत्र माणसाला मारलं तर मालकाला मृत्युदंड, किंवा मागतील ती खंडणी. तोच बैल दासाला मारतो तेव्हा तीस शेकेल चांदी आणि विषय संपला (निर्गम 21:29-32). दासही देवाच्याच प्रतिरूपाचा होता ना?

घंटानाद

याचं उत्तर 'तो काळच तसा होता' असं नको, मूळमुद्दा. ते उत्तर 1857च्या सिनडनंही दिलं असतं.